खेळांतली शेती

गेल्या महिन्यांत एका रविवारीं माझ्या धाकट्या भाच्याचा फोन आला तो रडक्या आवाजांत. वय वर्षें बारा. तेव्हां परीक्षेंत कांहीं कमीजास्त झालें असावें, अगर घरीं कोणाशीं तंटा झाला असावा, असें मला प्रथम वाटलें. परंतु प्रकरण निराळेंच होतें. "मामा, माझी फुलकोबी वाळली. वीसच्या वीस रोपें! एका रात्रींत!" मीं विचारलें, "केव्हां लावली होतीस?" "अठराव्या तारखेला." "मग बरोबर आहे," मी म्हणालों, आणि माझ्या या थंड उत्तरानें त्याला आणखीच रडूं कोसळलें.

वाचकांचा गैरसमज होऊं नये म्हणून सांगतों, माझ्या बहिणीचें बिऱ्हाड पुण्यास एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आहे, आणि त्या घरांत तुळशीच्या कुंडीखेरीज दुसरी शेती नाहीं. भाच्याची फुलकोबी वाळली ती संगणकाच्या पडद्यावर. 'स्टार्ड्यू व्हॅली' या नांवाचा एक खेळ आहे. त्यांत खेळणारानें एक ओसाड शेत लागवडीखालीं आणावयाचें, पिकें घ्यावयाचीं, तीं विकावयाचीं, आणि त्या पैशांतून पुढच्या हंगामाची तयारी करावयाची. साठी उलटलेल्या गृहस्थानें असल्या खेळांत रमावें हें आमच्या घरांत कोणास फारसें पसंत नाहीं. पण चार वर्षांपूर्वीं पाय मोडून मी दोन महिने खाटेवर पडलों असतां याच भाच्याच्या थोरल्या बहिणीनें तो माझ्या हातीं दिला, आणि पाय बरा झाला तरी खेळ सुटला नाहीं. व्यसनें लागण्याचें वय निघून गेलें अशी माझी समजूत होती. ती तेव्हांपासून मीं सोडून दिली आहे.

हा खेळ एरिक बरोन या अमेरिकन तरुणानें एकट्यानें रचला. २०११ सालीं संगणकशास्त्राची पदवी घेऊन तो बाहेर पडला. मनासारखी नोकरी मिळेना, म्हणून हात सरावाचा राहावा एवढ्यासाठीं त्यानें हा उद्योग आरंभिला, आणि तो त्याला साडेचार वर्षें पुरला. चित्रें त्याचीं, संगीत त्याचें, गांवकऱ्यांच्या तोंडचीं वाक्यें त्याचीं, आणि कोणत्या पिकाला किती दिवस व किती मोल हें ठरविणारी आंकडेमोडहि त्याचीच. २६ फेब्रुवारी २०१६ रोजीं खेळ विक्रीस आला; २०२४ च्या अखेरीपर्यंत त्याच्या चार कोटींहून अधिक प्रती खपल्या होत्या. बरोनपुढें कित्ता होता तो यासुहिरो वादा या जपानी गृहस्थानें १९९६ सालीं काढलेल्या, आणि बाहेरच्या जगांत 'हार्व्हेस्ट मून' या नांवानें प्रसिद्ध झालेल्या, खेळाचा. वादा मूळचे क्यूशू बेटावरील मियाझाकी प्रांतांतले. ते टोकियोस आले, आणि तेथें त्यांना मागें राहिलेल्या खेड्याची आठवण येऊं लागली; त्या आठवणींतून तो खेळ निघाला. म्हणजे या घराण्याच्या मूळपुरुषालासुद्धां शेती सुचली ती गांव सोडल्यावरच.

खेळाची कथा साधी आहे. जोजा नांवाच्या एका कंपनीच्या कचेरींत यंत्रासारखें काम करणारा एक कारकून असतो. त्याच्या आजोबांनीं मरतांना त्याच्या हातीं एक मोहोरबंद पत्र दिलेलें असतें; जीव अगदींच विटला म्हणजे तें उघड, असें सांगून. एके दिवशीं तो तें उघडतो. पत्रान्वयें आजोबांचें शेत त्याचें होतें, आणि पुढच्याच दृश्यांत स्वारी बसमधून गांवीं हजर! ना सातबारा, ना फेरफार, ना वारसनोंद, ना बांधावरून भांडणारे भाऊबंद. आपल्याकडे ज्यानें एकदां तरी जमिनीच्या कामासाठीं कचेरीची पायरी झिजविली आहे, त्याला या ठिकाणीं हसूं आल्यावांचून राहणार नाहीं. शेत मात्र दगड, खुंट आणि तण यांनीं माजलेलें असतें. खिशांत ५०० सोन्याचीं नाणीं (मी त्यांना मोहरा म्हणतों) आणि गांवचे सरपंच म्हणावे असे जे लुईस, त्यांनीं भेट म्हणून ठेवलेल्या पार्सनिपच्या १५ बिया. पार्सनिप म्हणजे पांढऱ्या गाजरासारखा एक कंद. एवढ्या भांडवलावर वसंताचा पहिला दिवस उजाडतो.

भाच्याला मीं फोनवर फार कांहीं सांगितलें नाहीं. रडणाऱ्याला गणित सांगूं नये. रात्रीं मात्र त्याला एक लांबलचक पत्र लिहिलें, आणि नवशिक्या शेतकऱ्याला सांगण्यासारखें जें जें मला ठाऊक होतें तें त्यांत घातलें. त्यांतला बराचसा भाग येथें देतों. वाचकांपैकीं कोणाच्या घरीं असा शेतकरी असल्यास त्याच्या उपयोगीं पडेल.

नवशिक्याची पहिली चूक हांवेची असते. शेत अफाट दिसतें, कुदळ हातांत असते, आणि मालक आपणच. मग तो दिसेल ती जमीन खणीत सुटतो. परंतु खेळणाराच्या अंगांत शक्ति असते ती आरंभीं २७० मापांची. कुदळीच्या एका घावाला दोन मापें खर्च होतात, आणि झारीनें एक वाफा भिजविण्यालाहि दोनच. खणणें एकदांचें, पाणी मात्र रोजचें. शंभर वाफे खणून बसलेल्या माणसाची दोनशें मापें रोज सकाळीं झारींतच जातात, आणि लांकडें तोडणें, दगड फोडणें, मासे धरणें यांना कांहीं उरत नाहीं. पहिल्या वसंतांत मीं हेंच केलें. संध्याकाळपर्यंत माझा पडद्यावरचा शेतकरी पाय ओढीत चालूं लागला, मध्यरात्र उलटून दोन वाजले तरी मी त्याला घरीं नेला नाहीं, आणि तो वाटेंतच कोसळला. सकाळीं जाग आली तेव्हां खिसा हलका झालेला होता. उपाय सोपा आहे. पहिली झारी एकदां भरली कीं तिच्यांत चाळीस वाफे भिजतात. भेटीच्या बिया पंधरा. आणि वीस मोहरांस एक या भावानें पांचशेंत बिया येतात पंचवीस. पंधरा आणि पंचवीस चाळीस! हा मेळ मला फार आवडतो. पहिला आठवडा तेवढेंच शेत ठेवावें आणि एका झारींत सकाळ संपवावी.

चाळिसांत एक भय आहे तें कावळ्यांचें. शेतांत पंधरा रोपें असेपर्यंत कावळे फिरकत नाहींत. सोळावें लागलें कीं त्यांना बातमी लागते. बुजगावणें करावें, तर ती विद्या पहिल्या पायरीवर चढल्याखेरीज येत नाहीं, आणि ती पायरी येते पहिल्या पार्सनिपांची काढणी झाल्यावर, म्हणजे पांचव्या दिवशीं. मधल्या चार रात्रींत एखाददुसरें रोप जाईल तें जाऊं द्यावें. पुढें पन्नास लांकडें, एक कोळसा आणि वीस धागे एवढ्या सामानांत बुजगावणें उभें राहतें, आणि त्याच्या सभोंवारच्या आठ आठ वाफ्यांपर्यंत कावळा चोंच लावीत नाहीं. आमच्या गांवच्या बुजगावण्यांच्या डोक्यावर कावळे बसत असत, तें असो.

आतां भाच्याच्या फुलकोबीकडे वळतों. या खेळांत वर्षाचे ऋतु चार, आणि प्रत्येकाचे दिवस बरोबर अठ्ठावीस. वसंताचें पीक वसंताबरोबर मरतें. एकोणतिसावा दिवस नाहींच, त्या सकाळीं ग्रीष्माची एक तारीख असते आणि शेतांत वाळलेल्या काड्या. म्हणून पेरण्यापूर्वीं अठ्ठाविसांतून पिकाचे दिवस वजा करावे. उरेल ती पेरणीची शेवटची तारीख. पार्सनिपला चार दिवस लागतात, तेव्हां चोविसावीपर्यंत चालेल. बटाट्याला सहा, म्हणून बाविसावी. फुलकोबीला बारा, म्हणजे सोळावी. भाच्यानें अठरावीला लावली. ती तिसावीला तयार झाली असती, पण तिसावी उजाडणारच नव्हती. ऐंशीला एक या भावानें सोळाशें मोहरा त्यानें दोन दिवसांच्या उशिरापायीं मातींत घातल्या. दुकानाच्या बाहेर भिंतीवर तारखांचा तक्ता टांगलेला असतो. बी घेण्यापूर्वीं त्याच्यापुढें क्षणभर उभें राहावें.

पण त्याची चूक निव्वळ तारखेची नव्हती, आणि या ठिकाणीं पत्रांत मी जरा रेंगाळलों. पार्सनिपची बी वीसला येते आणि कंद पस्तीसला जातो. चार दिवसांत पंधरा सुटतात, म्हणजे दिवसाला पावणेचार. फुलकोबी ऐंशीची, ती बारा दिवसांनीं १७५ ला जाते. दिवसाला जवळ जवळ आठ. मग फुलकोबीच लावावी हें उघड नाहीं काय? भाच्यानें हाच हिशेब केला होता, आणि त्याची वजाबाकी व भागाकार निर्दोष होता. परंतु जमीन विपुल आणि पैसा थोडा असतो तेव्हां वाफ्याला दिवसाकाठीं काय सुटतें हें पाहावयाचें नसतें. एक मोहर किती लौकर आणि किती मोठी होऊन परत येते हें पाहावयाचें असतें. फुलकोबींत घातलेल्या शंभर मोहरांच्या बारा दिवसांनीं सुमारें २१९ होतात. त्याच बारा दिवसांत पार्सनिप तीनदां निघतो, आणि प्रत्येक वेळीं सारा पैसा पुन्हां मातींत घातला तर शंभराच्या सुमारें ५३६ होतात. अर्थात् हें पाणी घालण्याचें बळ आहे तोंवरच. हातांत पैसा खेळूं लागला आणि वाफे अपुरे पडूं लागले म्हणजे हिशेब उलटतो. मग फुलकोबी लावावी, आणि एकेका वाफ्याकडून जास्तींत जास्त काम घ्यावें.

त्याहूनहि उत्तम पिकें म्हणजे एकदां लावून पुनःपुन्हां तोडतां येणारीं. वसंताच्या तेराव्या तारखेला गांवांत अंड्यांचा उत्सव असतो, आणि त्या दिवशीं मात्र स्ट्रॉबेरीच्या बिया शंभर मोहरांस एक मिळतात. ती आठ दिवसांत फळते, पुढें दर चार दिवसांनीं तोडा येतो, आणि फळ १२० ला जातें. तेरावीला लावली तर एकविसावीला आणि पंचविसावीला असे दोन तोडे पदरांत पडतात. मौज अशी कीं, उत्सवाहून घरीं परतावें तों रात्रीचे दहा वाजलेले असतात; म्हणून त्या दिवशीं सकाळींच वाफे खणून, भिजवून ठेवावे, आणि रात्रीं अंधारांत नुसत्या बिया टोंचाव्या. कांहीं बिया राखून दुसऱ्या वर्षीं पहिल्या तारखेला लावल्या तर दोनाचे पांच तोडे होतात. ग्रीष्मांत हीच गोष्ट ब्लूबेरीची. ऐंशीची बी, तेरा दिवसांनीं पहिलें फळ, मग दर चार दिवसांनीं, आणि दर वेळीं तीन तीन फळें. एक तारखेला लावली तर एका झुडपाचीं सहाशें मोहरांचीं फळें होतात.

बाकीच्या गोष्टी मीं भराभर उरकल्या. बियांचें दुकान बुधवारीं बंद असतें. सहावीला पार्सनिप पेरूं नये, कारण तो दहावीला निघतो, दहावी बुधवारीं येते, आणि वाफे एक दिवस उपाशी राहतात. रोज सकाळीं चित्रवाणीवर उद्यांचें हवामान ऐकावें. पाऊस असेल त्याच्या आदल्या दिवशीं पिकांना पाणी घालून झारी लोहाराकडे सुधारावयास टाकावी. त्याला दोन दिवस लागतात, त्यांतला एक पाऊस सांभाळून घेतो. आणि तुषार उडविणाऱ्या तोट्या बनवितां येऊं लागल्या म्हणजे त्या आधीं बसवाव्या; त्या दिवसापासून शेतकरी झारीचा गुलाम राहत नाहीं.

पत्र संपत आलें तेव्हां एक गोष्ट माझ्या ध्यानांत आली. त्यांतलें प्रत्येक वाक्य निश्चयानें संपत होतें. चार दिवसांनीं निघेल. पस्तीसला जाईल. उद्यां पाऊस पडेल. शेतीविषयीं इतक्या ठाम भाषेंत बोलणारा शेतकरी मीं आयुष्यांत पाहिलेला नव्हता. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असूं, जन्मभर शेतकरी होते, आणि शेताविषयींचें त्यांचें वाक्य बहुधा 'बघूं' या शब्दानें संपे.

बीड जिल्ह्यांत बालाघाटच्या उतारावर आमची चौदा एकर कोरडवाहू जमीन होती. विहीर होती, पण ती फाल्गुनांतच तळ दाखवी. बाजरी, तूर, थोडी कपाशी, असा व्याप. १९७२ च्या दुष्काळांत मी अकरा वर्षांचा होतों. त्या सालीं अण्णांनीं दोनदां पेरलें, एकदांहि कापलें नाहीं, आणि हिवाळ्यांत ते दुष्काळी कामावर खडी फोडावयास गेले. पुढें मी वाणिज्य शाखेचा पदवीधर झालों, शहरांत हिशेबनिसाच्या नोकरीला लागलों, आणि सुटींत घरीं गेलों म्हणजे त्यांची शेती तपासूं लागलों. १९८६ च्या जूनअखेरची संध्याकाळ मला स्पष्ट आठवते. पाऊस लांबला होता. ओसरीवर कंदिलाच्या उजेडांत मीं त्यांना चार पानांचा एक तक्ता वाचून दाखविला. मृग कोरडा गेला तरी तुम्ही हात बांधून बसतां. मग एकाएकीं दोन दिवसांत सगळी जमीन पेरून मोकळे होतां. थोडी आधीं, थोडी मागाहून, असें कां करीत नाहीं? भाव पडलेला असतो नेमका त्याच आठवड्यांत माल बाजारांत नेतां. दोन महिने कां थांबत नाहीं? बोलतां बोलतां मला चढलें, आणि मी म्हणालों, "अण्णा, तुम्हांला हिशेब येत नाहीं." त्यांनीं तक्ता हातांत घेतला, उजेडाकडे धरून पाहिला, आणि परत देतांना, "अक्षर चांगलें आहे," एवढेंच म्हणाले.

पुढच्या वर्षीं जमीन विकली. १९९८ सालीं अण्णा वारले. ती जमीन हिशेब न येण्यामुळें गेली, अशी माझी त्यानंतरहि कितीतरी वर्षें खात्री होती. कधीं कधीं मी तें चारचौघांत बोलूनहि दाखवीत असें.

हा खेळ हातीं आल्यावर पहिल्याच वर्षीं शरद ऋतूंत मीं लाल भोपळे लावले: चोवीस बिया, शंभराला एक. भोपळ्याला तेरा दिवस लागतात. पंधरावी ही शेवटची तारीख. मीं ते सतरावीला लावले. तीस वर्षांहून अधिक काळ दुसऱ्यांच्या जमाखर्चांतली चूक शोधून पगार खाल्लेला मनुष्य मी. भाव ठाऊक, दिवस ठाऊक, उद्यांचा पाऊससुद्धां ठाऊक. आणि तरी हिवाळ्याच्या पहिल्या सकाळीं माझ्या शेतांत चोवीस वाळके वेल उभे! मला आधीं हसूं आलें. मग अण्णांची आठवण झाली, आणि हसूं थांबलें.

खेळांतलें पीक तहानेनें मरत नाहीं, हें नवशिक्याला लौकर कळतें. एक दिवस पाणी चुकलें तर तें त्या दिवशीं वाढत नाहीं, एवढेंच. मालक येईपर्यंत तें वाट पाहतें. म्हणून तेथला उशीर हा नेहमीं मालकाचाच उशीर असतो. आमच्या उतारावर उशीर ढगांचा असे. कोरड्यांत बी टाकावें तर मुंग्या नेणार. अर्धवट ओलींत टाकावें तर मोड येऊन करपणार. आणि चांगला पाऊस होऊन जमिनीला वाफसा आला कीं तो दोन-तीन दिवस टिके, मग वरचा थर सुकूं लागे. बैलजोडी एक आमची, एक शेजाऱ्याची मागून आणलेली. त्या दोन-तीन दिवसांत चौदा एकर उरकले तर उरकले. 'थोडी आधीं, थोडी मागाहून' हें ज्याच्या हातांत झारी आहे त्याचें शहाणपण होय. ज्याला मी अविचार म्हणत होतों तो वाफशाचा हिशेब होता, आणि तो मला येत नव्हता.

भावाचेंहि तेंच. माझ्या चाळीस पार्सनिपांचा भाव पस्तीस, आणि चार हजार आणले तरी पस्तीसच. घराशेजारच्या पेटींत माल टाकून झोपावें, सकाळीं पैसे जमा. तोलणारा नाहीं, कडता नाहीं, आडत नाहीं. बियांसाठीं कोणाकडून उचल आणलेली नाहीं, म्हणून अमक्या दिवसाच्या आंत माल घालीन असा कोणास शब्दहि दिलेला नाहीं. अण्णा पडत्या भावांत बाजरी विकीत, कारण बियाण्याची उचल आडत्याकडून असे आणि सुगी होतांच त्याचा माणूस खळ्यावर येऊन बसे. हें मला तेव्हां ठाऊक नव्हतें काय? ठाऊक होतें. माझ्या तक्त्यांत त्याला रकाना नव्हता.

अण्णांची एक वही माझ्याकडे आहे. जमीन विकली त्या वेळीं ट्रंकेंत निघाली, ती मीं उचलली आणि न उघडतां ठेवून दिली. भोपळ्यांच्या त्या प्रसंगानंतर मीं ती उघडली. वीस-बावीस वर्षांच्या नोंदी आहेत. अक्षर माझ्याइतकें चांगलें नाहीं. मृग कोरडा. आर्द्रांत दोन बोटें ओल. वरच्या पट्टींत पेरलें, खालीं नाहीं. मोड दिसला. ऊन. मोड गेला. बी उसनें आणलें, एवढें एवढें. पुन्हां पेरलें. एका सालीं 'पुन्हां पेरलें' हे शब्द तीनदां आले आहेत. मधून मधून समासांत बारीक आंकडेमोड आहे. तिच्यांत भावाच्या जागीं प्रत्येक वेळीं दोन आंकडे लिहिलेले आहेत, एक बरा आणि एक वाईट, आणि खालीं दोन बेरजा. ही आंकडेमोड माझ्या पेशांतला मनुष्यहि नाकबूल करणार नाहीं. उलट, एकच भाव धरून चार पानें लिहिणारास त्यानें परत पाठविलें असतें.

खेळांत तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या तारखेस आजोबांचा आत्मा शेतावर येतो. नातवानें काय काय केलें तें पाहून तो आपल्या समाधीवरच्या चार मेणबत्त्यांपैकीं कांहीं पेटवितो: काम अगदीं सामान्य असेल तर एक, उत्तम असेल तर चारी. माझ्या दोन पेटल्या होत्या. त्यांतहि बरोननें एक सोय ठेविली आहे. कौल मनासारखा झाला नाहीं तर पुढें केव्हांहि समाधीवर एक हिरा ठेवावा, म्हणजे आजोबा पुन्हां येऊन नव्यानें पाहतात. मीं हिरा ठेवला, आणि चारी पेटल्या. त्या रात्रीं उशिरापर्यंत मी खेळ बंद न करतां त्या जळत्या मेणबत्त्यांकडे पाहत बसलों होतों. येथें वडील माणसानें नातवाचें काम तपासावयाचें असतें. आमच्या ओसरीवर मुलानें बापाचें तपासलें, आणि पुन्हां पाहण्यासाठीं हिरा कोठें ठेवावा हें मला कोणी सांगितलेलें नाहीं.

यांतलें कांहींएक मीं भाच्याच्या पत्रांत लिहिलें नाहीं. बारा वर्षांच्या मुलाला फुलकोबीची शेवटची तारीख हवी होती, ती दिली.

परवां त्याचा फोन आला तो उड्या मारीत. ग्रीष्म लागला आहे. पहिल्या तारखेला तीस ब्लूबेऱ्या लावल्या, बुजगावणीं दोन, आणि बुधवार पाठ आहे. सर्व वृत्तान्त सांगून झाल्यावर तो एकदम म्हणाला, "मामा, आई म्हणते, आजोबा खरे शेतकरी होते."

"होते."

"त्यांना कुठलें पीक कितीला जाणार हें आधींच ठाऊक असायचें?"

"नाहीं."

"आणि उद्यां पाऊस पडणार कीं नाहीं हें?"

"तेंहि नाहीं."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मग ते पेरायचे कसे?"

मी म्हणालों, "दिवाळीला ये. त्यांची एक वही आहे, ती दाखवितों."

"तींत तारखा आहेत?"

"आहेत. पुष्कळ आहेत," असें मी म्हणतों आहें तों पलीकडून तो ओरडला, "मामा, उजाडलें! पाऊस लागलाय! आज झारी नको!" आणि त्यानें फोन ठेवून दिला.